चार मिनिटांचं पान

आमच्या घरातल्या पोथ्यांची यादी इंटरनेटवर उघडायला चार मिनिटं लागत. हे मी घड्याळ समोर ठेवून मोजलेलं आहे, आणि एकदा नव्हे, निदान पन्नास वेळा. पहिल्या मिनिटाला माणूस आशेनं पडद्याकडे बघतो. दुसऱ्याला खुर्चीत सावरून बसतो. तिसऱ्याला उठून पाणी पिऊन येतो. आणि चौथ्यात, आता उघडणार असं वाटत असताना, फोनची लाईन तुटते आणि सगळं पहिल्यापासून. तोवर पडद्यावर दिसायचा तो नुसता फिकट पिवळा रंग. तो रंगही मीच घातलेला. जुन्या कागदासारखं दिसू दे, असं बाबा म्हणाले होते.

हे नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाचं. काशीत इंटरनेट नुकतंच आलं होतं, आणि यायचं म्हणून आलं होतं. विद्यापीठाच्या बाजूला एका कॉम्प्युटर क्लासात मी शिकवत असे. राजा घाटावर उतरणाऱ्या गल्लीत आमचं घर, घरात मी आणि बाबा. बाबा पाठशाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. आणि आतल्या खोलीतल्या दोन कपाटांत, लाल रुमालांत बांधलेल्या तीनशे अकरा पोथ्या. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून इकडे आले तेव्हा काही घेऊन आले, बाकीच्या इथेच बसून त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी उतरवल्या. मला त्यातली एकही धड वाचता येत नाही. संस्कृत मी आठवीनंतर सोडलं. बाबांनी ते मनावर घेतलं नाही असं ते म्हणत, आणि महिन्यातून एकदा तरी म्हणत.

त्या पोथ्यांचं पुढं काय, हा आमच्या घरातला एकमेव प्रश्न होता. बाबांचं म्हणणं सरळ होतं. "माझ्यानंतर या कोण वाचणार? तू? मग कपाटात कीड लागून मरण्यापेक्षा मीच गंगेला देऊन जाईन." हे ते त्राग्यानं म्हणत नसत. वाली नसलेल्या पोथ्या गंगेत सोडणं हे आमच्या गल्लीत पाप नव्हतं, रीत होती. लहानपणी मी शेजारच्या काकांना नावेत बसून, मधल्या धारेत, एकेक गठ्ठा खाली सोडताना पाहिलेलं आहे. गठ्ठे लगेच बुडत नाहीत. थोडा वेळ तरंगतात, रुमाल फुगतो. मला पोथी वाचता येत नसली तरी ते बघवलं नव्हतं, आणि आमच्या कपाटातलं तसं जाणार म्हटल्यावर माझं डोकं फिरायचं.

म्हणून मीच पुण्यातल्या एका संस्थेला लिहिलं. जुनी हस्तलिखितं नीट सांभाळायची सोय त्यांच्याकडे होती, पण जागा बेताची. वर्षाला एकच संग्रह घेत. उत्तर आलं की संपूर्ण यादी, एका पानावर, इंटरनेटवर ठेवा. समितीचे सभासद बैठकीत ती उघडून पाहतील आणि ठरवतील. आणखी एका गावचा संग्रहही त्यांच्यापुढे होता. आमची यादी पटली तर पोथ्या पुण्याला, नाही तर गंगेत. मधला मार्ग बाबांच्या डोक्यात नव्हता.

वेबसाईटवरचा मजकूर सांभाळायला तेव्हा तयार असं काही आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं. मीच बसवलं. घरच्या कॉम्प्युटरवर एक फॉर्म केला, त्यात पोथीचा क्रमांक, नाव, पानं, अवस्था, वर्णन. बाबांनी तो भरायचा आणि जतन करायचा, की सगळं एका फाईलीत साठत जायचं. दर शनिवारी मी ती फाईल फोनवरून अमेरिकेतल्या एका कंपनीच्या मशीनवर चढवायची. तिथं माझा एक छोटा प्रोग्राम ती वाचून यादीचं पान आपोआप जुळवायचा आणि मागेल त्याला पाठवायचा. आज या व्यवस्थेला भारदस्त नाव आहे. आमच्या क्लासातले लोक तेव्हा त्याला 'मैडम का जुगाड़' म्हणत.

बाबांनी सत्तराव्या वर्षी टायपिंग शिकून घेतलं, याचं मला कौतुक होतं. रोज सकाळी संध्या झाली की कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसत. खुर्चीवरच, पण मांडी घालून. शेजारी आईनं लिहिलेली कार्डं. आई दर वर्षी पावसाळा सरला की पोथ्या गच्चीवर उन्हात घालायची, आणि परत बांधताना घोटाळा होऊ नये म्हणून तिनं प्रत्येक रुमालात एक कार्ड घालून ठेवलं होतं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेली कार्डं. तिला संस्कृत येत नव्हतं, त्यामुळे त्यावरची माहिती भरवशाची नसणार हे आम्हाला ठाऊक होतं, पण सुरुवात करायला बरी होती. पोथ्यांचा शेवट लाल शाईत लिहिलेला असतो, तोही यादीत लाल दिसला पाहिजे असा बाबांचा हट्ट, म्हणून मी त्यांना शब्दाचा रंग बदलायची खूण शिकवली. शब्दाच्या आधी एक खूण, नंतर एक, पहिल्या खुणेत रंगाचं नाव. ती त्यांना इतकी आवडली की एका दुपारी मला सगळ्या रंगांची नावं लिहून द्यावी लागली. सहा महिन्यांत यादी पुरी झाली. आणि पान उघडेना.

पुण्याची पहिली बैठक झाली. चिटणिसांची ईमेल आली. भाषा सभ्य होती, पण मजकूर असा की सभासदांनी तीन वेळा प्रयत्न केला, पिवळ्या पडद्यापलीकडे काही दिसलं नाही. महिन्याभरानं पुन्हा बैठक आहे, तेव्हा शेवटचं पाहू. बाबांनी ती ईमेल छापून घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे गंगाच." मी म्हटलं, महिना आहे अजून. ते म्हणाले, "तू नाहक परेशान होतेस." नाहक म्हणे. एवढी आग मला दुसऱ्या कुठल्याच शब्दानं लागली नसती.

तिथून माझी वणवण सुरू झाली. आधी संशय फोनवर. टेलिफोन ऑफिसात तक्रार केली, तर लाईनमन रामनगरला गेलेत. दुसऱ्या दिवशीही रामनगरलाच. गंगेपलीकडच्या त्या एवढ्याशा गावात असे किती फोन बिघडत होते देव जाणे. चौथ्या दिवशी एक गृहस्थ आले, रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ ऐकत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "लाइन तो चकाचक है, बहनजी. आपका पन्ना ही भारी होगा." मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. त्यांना वाटेला लावलं. आज कबूल करते, त्या महिन्यात मला खरं सांगणारा तो एकटा माणूस होता.

मग मोडेम. क्लासातून चांगला मोडेम मागून आणला, दोन दिवसांसाठी, शंभर विनवण्या करून. चार मिनिटं. मग ती अमेरिकेतली कंपनी. त्यांना मी इतकी लांब ईमेल लिहिली की लिहिता लिहिता तीनदा बिजली गेली. दोन ओळींचं उत्तर आलं की आमचं मशीन उत्तम चालतंय, पानावरची चित्रं कमी करा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. पानावर चित्र एकच होतं, वरती गणपतीचं. तरी तेही काढलं. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "विघ्नहर्त्यालाच काढलंस. आता विघ्नं कोण हरणार?" घड्याळ लावलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद. दहा सेकंदांसाठी गणपतीला घराबाहेर काढल्याचा ठपका मी दोन आठवडे ऐकला.

मग स्वतःचा प्रोग्राम मोडून पुन्हा लिहिला. पूर्ण आठवडा त्यात गेला, क्लासात शिकवताना फळ्यावर भलतंच लिहू लागले. काही फरक नाही. मग लक्षात आलं की संपूर्ण यादी मी एकाच मोठ्या तक्त्यात मांडली आहे, आणि तक्ता शेवटपर्यंत हाती आल्याशिवाय कॉम्प्युटर त्यातलं काहीच दाखवत नाही. म्हणून तो पिवळा शुकशुकाट. तक्त्याचे तुकडे केले. आता निदान हळूहळू ओळी उमटू लागल्या. तेव्हा दिसलं की दोन पोथ्यांच्या मधे मोठी मोठी रिकामी जागा पडते आहे. कुठे चार बोटं, कुठे वीतभर. मी ठरवलं, हा देवनागरी टाईपाचा दोष. तेव्हा इंटरनेटवर मराठी दिसायला वाचणाऱ्याच्या मशीनवर आपला टाईप बसवावा लागे, आणि ते टाईप म्हणजे एकेक नग होते. त्या टाईपाशी मी आणखी आठ दिवस भांडले. जागा तशीच, मिनिटं तेवढीच.

या काळात माझ्या तोंडून घरात काय काय बोललं गेलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. भात करपला, मी बाबांवर ओरडले. गल्लीत बैल आडवा उभा राहिला, मी त्याच्यावर ओरडले. रात्री झोपेत मी सेकंद मोजत होते असं बाबांनी सांगितलं. ते स्वतः मात्र शांत होते. बैठक गुरुवारी होती. आधीच्या शनिवारी त्यांनी घाटावर जाऊन नाववाल्याशी बोलून ठेवलं. मला सांगितलंही, सहज, दूध आणलंय असं सांगावं तसं.

त्याच शनिवारी मी नेहमीप्रमाणे फाईल फ्लॉपीवर उतरवून ठेवत होते. हा माझा नेम होता. दोन फ्लॉप्या, दर शनिवारी दोन्हींवर ताजी प्रत, जुन्यावर नवी. कधी काही बिघडलं तर घरात सुरक्षित असावं. त्या दिवशी फ्लॉपी फारच वेळ घुरघुरत राहिली म्हणून बघितलं, तर अर्धी फ्लॉपी भरलेली. मी चक्रावले. तीनशे अकरा पोथ्या, प्रत्येकीच्या चार-पाच ओळी. एवढा मजकूर फ्लॉपीच्या कोपऱ्यातही दिसायला नको. मजकुराला वजन नसतं, वजन असतं चित्रांना, हे मीच दर बॅचला शिकवायची, म्हणून महिनाभर मी सगळीकडे बघितलं आणि मजकुराकडे बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

फाईल आतून उघडली. टाईपाच्या त्या जुन्या तऱ्हेमुळे आतून देवनागरी दिसत नसे, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. तिच्यातून वाचता काही येत नव्हतं. पण खुणा ओळखू येत होत्या. पहिल्या पोथीत रंगाची खूण. पुढच्या शब्दाला पुन्हा खूण. त्याच्या पुढच्या शब्दाला पुन्हा. ओळच्या ओळ, प्रत्येक शब्दाला स्वतंत्र आधीची खूण आणि नंतरची खूण, आणि सगळीकडे एकच रंग, माझ्या पानाचा तो फिकट पिवळा. पिवळ्यावर पिवळं. कोणाला न दिसणारा मजकूर, दिसणाऱ्याच्या तिप्पट, आणि त्याच्या खुणा त्याच्याही कितीतरी पट. हे सगळं ओझं त्या फोनच्या तारेतून पुण्याला जात होतं.

बाबा ओसरीवर पंचांग बघत होते. मी त्यांना हाताला धरून आणलं.

"हे काय आहे?"

"कुठं?"

"इथं. लिहिलेलं आहे आणि दिसत नाही असं."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हां. ते हरताळ लावलेलं आहे."

पोथी उतरवताना चूक झाली तर जुने लोक ती खोडत नसत. हरताळ नावाची पिवळी माती डिंकात खलून, बारीक कुंचल्यानं त्या शब्दावर तिचा लेप देत. कागद पिवळा, लेप पिवळा, वाचणाऱ्याला अडखळायला होत नाही. खाली मूळ अक्षर असतंच. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पाठशाळेत बाबांनी मुलांना हेच शिकवलं, खोडायचं नाही, फाडायचं नाही. आणि मी मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात रंगांची यादी दिली होती.

"तुम्ही काहीच पुसलं नाहीत? तीनशे अकरा पोथ्यांत एकदाही?"

"पुसतात कसं ते तू शिकवलं नाहीस," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "शिकवलं असतंस तरी पुसलं नसतं."

"पण सबंध ओळीला एक खूण घातली असती तरी चाललं असतं. शब्दाशब्दाला कशाला?"

"हरताळ शब्दालाच लावतात. ओळीला लावला म्हणजे त्यातला चांगला शब्दही जातो. एकेक बघून लावला मी."

एकेक बघून. सहा महिने, रोज सकाळी, मांडी घालून. मी कपाळाला हात लावला. आग रामेश्वरी आणि मी महिनाभर बंब घेऊन सोमेश्वरी. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल कणभरही माया वाटत नव्हती, हे खरं ते लिहिते. मला लाईनमन आठवत होता, करपलेला भात आठवत होता, नाववाला आठवत होता.

"हे जे झाकलंय, ते चुकीचं आहे ना?"

"चुकीचं आहे."

"मग ठेवायचं कशाला?"

"कोणीतरी लिहिलेलं आहे," ते म्हणाले.

हे मी शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य होतं, पाठशाळेतलं, हातांनी पोथ्या उतरवणाऱ्या जुन्या लोकांबद्दलचं. मी म्हटलं, "हे चुकीचं टिकावं म्हणून बरोबर असलेलं सगळं गंगेत गेलं तरी तुमचं काही जात नाही, असंच ना? नाववाला तर सांगूनच ठेवलाय."

बाबांनी चष्मा काढून पंच्याला पुसला.

"मी हे काढून टाकते आहे," मी म्हटलं. "सगळं. गुरुवारच्या आत."

"तुला ठीक वाटेल ते कर," बाबा म्हणाले. "पोथ्या राहिल्या पाहिजेत." आणि ते पुन्हा ओसरीवर जाऊन बसले.

काढून टाकणं म्हणजे नक्की काय, हे त्यांना तेव्हा कळलं होतं का, मला आजही माहीत नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, मी आणखी एक लेप देणार. मी विचारलं नाही. आठ-दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला, ज्या शब्दाला पानाच्या रंगाची खूण असेल तो शब्द खुणेसकट काढ. चालवला. चार-पाच सेकंदांत काम झालं. बाबांना ते करायला सहा महिने लागले होते, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मला त्याचं हसू आलं. मग ती हलकी झालेली फाईल चढवली, आणि नेमाप्रमाणे दोन्ही फ्लॉप्यांवर, जुन्यावर नवी, उतरवून ठेवली.

पान उघडायला वीस सेकंद लागले. मी पुन्हा उघडलं. वीस. बाबांना हाक मारली. ते दारातूनच म्हणाले, "झालं?" मी म्हटलं, "झालं. बघा तरी." त्यांनी लांबूनच पाहिलं. मधल्या रिकाम्या जागा गेल्या होत्या, एकाखाली एक तीनशे अकरा पोथ्या नीट उभ्या होत्या. "छान दिसतंय," बाबा म्हणाले. मी गणपतीही परत बसवला.

शुक्रवारी पुण्याहून ईमेल आली. यादी सर्वांनी पाहिली, संग्रह स्वीकारायचं एकमतानं ठरलं, माणूस पाठवतो. मी ती ईमेल घेऊन धावत ओसरीवर गेले. बाबांनी ती वाचली, घडी करून देवापुढं ठेवली आणि नाववाल्याला नको म्हणून सांगायला स्वतः उतरून गेले. त्या दिवशी मी शिरा केला. इतकी खूश मी आईच्या पाठीमागे कधी झाले नव्हते.

महिन्याभरानं संस्थेचे एक गृहस्थ आले. सोबत लोखंडी पेट्या आणि आमच्या यादीची छापील प्रत. सतरंजीवर बसून ते एकेक नोंद वाचत, बाबा रुमाल सोडून पोथी दाखवत, पानं मोजली जात, मग ते बरोबरची खूण करून पेटीत ठेवत. मी चहाचे कप घेऊन आले आणि तिथंच भिंतीला टेकून बसले.

"क्रमांक एक. गणेशपूजाविधी. पत्रे नऊ. पूर्ण," गृहस्थांनी वाचलं.

बाबांनी पोथी पुढं केली आणि हळूच, त्यांना उद्देशून नाही, म्हणाले, "लहान आहे, पण उन्हात घालताना आधी हीच काढायची."

गृहस्थांनी मान वर केली. यादीत बघितलं. "हे इथं नाही, गुरुजी."

"नाही. तुम्ही चालू द्या."

"क्रमांक दोन. व्रतकथासंग्रह. कीटकभक्षित."

"बिचारी. हिला जास्त ऊन सोसत नाही."

मला अजून काही उमगलं नव्हतं. मला वाटलं, बाबा म्हातारपणी पोथ्यांशी बोलायला लागले. तिसरी आली. त्यावर ते म्हणाले, "अक्षर फार सुरेख. कोणा बाईचं असावं." आणि स्वतःच हसले, कारण शेवटच्या लाल ओळीत लिहिणाऱ्या शास्त्र्याचं नाव होतं. मग सातवी की आठवी.

"पत्र बारावे नाही," गृहस्थांनी वाचलं.

"एक पान कमी," बाबा म्हणाले. "लेकीनं होडी केली. यांना सांगितलं नाही."

तेव्हा मला कळलं. होडी मला आठवत होती. मी पाच-सहा वर्षांची असेन, आणि आईनं मला मारलं नव्हतं, फक्त कोणाला सांगू नकोस म्हणाली होती. कार्डावर तिनं ते लिहून ठेवलं होतं, आणि बाबांनी कार्डावरचं अक्षर न् अक्षर फॉर्ममध्ये उतरवून घेतलं होतं. मग विद्वानांच्या यादीत शोभणार नाही त्या एकेका शब्दावर बघून बघून लेप दिला होता, आणि शेजारी शुद्ध वर्णन लिहिलं होतं. मी जे पाच सेकंदांत काढलं ते हे होतं. खिचडीतला रंग बदलून पाहिलं असतं तर मला ते सगळं पडद्यावर वाचता आलं असतं. एका मिनिटाचं काम होतं.

मी उठून आत गेले, कपाटात शोधलं, टेबलाच्या खणात शोधलं. बाहेर आले तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि काय शोधते आहे ते त्यांना समजलं.

"ती कार्डं नाहीत," ते म्हणाले. "उतरवून झाली तशी गंगेला दिली. तिच्या हातची होती, घरात पडून वाळवी लागली असती."

गृहस्थांना वाटलं आम्ही घरचं काही बोलतो आहोत. ते अदबीनं थांबले आणि मग पुढचं वाचू लागले. दहावी, विसावी, तिसावी. बाबा प्रत्येकीवर आईचं कार्ड म्हणत होते, न अडखळता, संथा म्हणावी तसं. माणसाला एवढं आठवत असेल तर काहीच गेलं नाही, असं मला वाटू लागलं. मी वही आणून लिहून घ्यायला बसले.

"क्रमांक एक्केचाळीस. मुहूर्तविषयक. पत्रे बावीस."

बाबांनी रुमाल सोडला. पोथी हातात धरली. उलटून पाहिली. बाहेर गल्लीतून कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी पेन धरून थांबले.

"हिच्यावर काहीतरी लिहिलं होतं तिनं," बाबा म्हणाले. "चांगलं मोठं होतं."

"आठवा ना," मी म्हटलं. "तुम्हाला तर अख्खी संहिता पाठ आहे."

त्यांनी रुमाल परत बांधला. मग त्यांनी ती गृहस्थांच्या हातात दिली.

"पुढचं लिहून ठेवलं होतं ना," ते म्हणाले, "म्हणून पाठ केलं नाही."

गृहस्थांनी बरोबरची खूण केली आणि विचारलं, "पुढची घेऊ?"

"घ्या," बाबा म्हणाले. अजून दोनशे सत्तर पोथ्या बांधायच्या होत्या.